लीडरशिपची डिग्री आणि आपलं जामखेड

परवा रात्री साडेनऊला मावसबहिणीचा फोन आला. ती आशा आहे, बेलवंडीच्या बाजूला एका गावात, २००९ पासून. "दादा, मोबाइलवर एक जाहिरात आलीय. तू पेपरवाला आहेस, खरी का खोटी तेवढं बघून सांग."

जाहिरात बघितली. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार ऑनलाइन वर्ग करून, अकरा महिन्यांत हेल्थकेअर लीडरशिपची डिग्री. परदेशातल्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीचं नाव, खाली आपल्याकडच्या एका कंपनीचं ॲप, फी एक लाख वीस हजार, हप्त्याची सोय. फोटोत कोट घातलेली बाई, गळ्यात स्टेथोस्कोप. (लीडरशिपच्या कोर्सला स्टेथोस्कोप कशाला लागतो, हे काही मला कळलं नाही.) बहिणीने बचत गटातून चाळीस हजार उचलायची तयारी केली होती. बाकीचं हप्त्याने. म्हणलं थांब, चार दिवस दे.

तिची धडपड मला समजते. दहावीनंतर लग्न झालं, आशा झाली, मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. माझा पत्रकारितेचा डिप्लोमासुद्धा असाच, दिवसा बातम्या आणि रात्री अभ्यास करून झालाय. त्यामुळे नोकरी करून शिकणाऱ्याची चेष्टा करणाऱ्यांतला मी नाही. मुक्त विद्यापीठ १९८९ ला नाशिकला सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद, आणि आपल्या तालुक्यात त्या गंगेचं पाणी प्यायलेले शेकडो लोक सापडतील. कंडक्टर, होमगार्ड, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे शिपाई, सगळे.

पण त्या जाहिरातीतला 'लीडरशिप' हा शब्द डोक्यातून जाईना. श्रीगोंद्यात लीडर म्हणलं की कारखाना, बँक, झेडपी आणि दहा गाड्यांचा ताफा डोळ्यासमोर येतो. आरोग्यातली लीडरशिप म्हणजे काय, आणि काम करणाऱ्या माणसाला ती शिकवता येते का? तर मंडळी, या प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात देऊन झालंय. इथून कर्जत ओलांडलं की पुढचा तालुका. जामखेड. आपल्याला ते फक्त आमदारकीच्या लढतीमुळे आठवतं, हा आपला दोष.

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, आईवडील दोघं शिक्षक. डॉ. मेबल त्यांच्या वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजातल्या सहाध्यायी. १९६० ला लग्न झालं. साठच्या दशकात दोघांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपण बरं करून पाठवलेलं पोर सहा महिन्यांनी त्याच हगवणीने परत येतंय. पाणी तेच, घर तेच, उपास तोच. मग दोघं अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये परत येऊन जामखेडला बसले. दवाखाना सुरू केला तो जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. आज कोणी एवढं शिकून आलं तर आधी पुण्यात फ्लॅट बघतो. असो.

आधी त्यांनी नियमाप्रमाणेच केलं. शिकलेल्या नर्स गावात ठेवून बघितल्या. जमलं नाही. तरुण मुलगी, परक्या गावात एकटी, आणि गावातल्या चार लेकरांच्या आईने तिचं ऐकायचं? मग ठरलं की गावातलीच बाई घ्यायची, गावानेच निवडायची. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपासची ही गोष्ट. त्या दुष्काळात आपले आजे-चुलते खडी फोडत होते, तेव्हा पलीकडच्या तालुक्यात हा उद्योग चालला होता. निवडून आलेल्या बाया बऱ्याचशा निरक्षर. काही दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. बऱ्याच जणींना स्वतःच्या नावाने कोणी हाकही मारत नव्हतं, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई, एवढीच ओळख.

आता यांना शिकवायचं कसं? इथे मला ती अकरा महिन्यांची जाहिरात आठवते. जामखेडला कोर्स संपतच नव्हता. बाया दर आठवड्याला यायच्या, मुक्काम करायच्या. सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. त्या काळात हाच निम्मा अभ्यासक्रम होता म्हणा. वर्गात त्या आठवड्यात गावात काय झालं ते सांगायचं. कोणाचं पोर वजनात घटलं, कोणाची बाळंतीण अडली, कोणाच्या अंगावर चट्टा आहे आणि ती लपवते. त्यावर डॉक्टर, नर्स आणि या बाया मिळून बोलायच्या. मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण, बाळंतपणात हात आणि ब्लेड स्वच्छ ठेवणं, क्षयाची आणि कुष्ठरोगाची लक्षणं, गरोदर बाईची तपासणी, असं थोडं थोडं. शिकलेलं घेऊन बाई गावात जायची, करून बघायची, फसलं तर पुढच्या आठवड्यात तेच परत विचारायची. वाचता येत नसल्याने सगळं तोंडपाठ. एक जण शिकली की ती दुसरीला शिकवणार.

हे झालं औषधाचं. पण पाण्यासाठी बोअर कुठे घ्यायचा, दलित वस्तीत का पाटलाच्या वाड्याजवळ, हा पण आरोग्याचाच प्रश्न होता, आणि तिथे या बायांना उभं राहून बोलावं लागायचं. महिला मंडळं, शेतकरी मंडळं त्यातूनच उभी राहिली. गावाच्या बैठकीत ज्या बाईने आधी कधी डोक्यावरचा पदर सोडला नाही, ती सरपंचाला म्हणते की इथे पाणी नाही तर इथली पोरं मरतात. लीडरशिप म्हणतात ती हीच असावी, असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

याचा परिणाम आकड्यांत आहे. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे त्यांच्या गावांत १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ पहिलं वर्ष संपायच्या आत जायची. १९७६ ला हा आकडा ५२ वर आला, १९९६ ला २६ वर. पाच वर्षांत १७६ चे ५२! आणि हे करणारी फौज बहुतेक अंगठेबहाद्दर.

जगाने दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यसेवेच्या प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. १९७८ ला अल्मा आटाला जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्याची घोषणा केली. १९७९ ला आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे मिळाला. कोणत्या विभागात, तर 'कम्युनिटी लीडरशिप'. वैद्यकशास्त्रात नाही, लीडरशिपमध्ये. आणि १९८८ मध्ये जामखेडच्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितल्याचा आशय असा, की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे, दिसायला सुंदर पण महाग. मी साधी पणती, पण माझ्यावर दुसरी पणती लावता येते. पुढे जामखेडला प्रशिक्षण संस्था झाली, आणि देशोदेशीचे शिकलेसवरलेले लोक तिथे येऊन याच बायांकडून शिकायला लागले.

एक कबुली देतो. २०११ ला डॉ. आरोळे गेले तेव्हा मी पेपरात होतो. त्या दिवशी आमच्या पानावर उसाच्या भावाची बातमी मोठी होती. आरोळ्यांना एक कॉलम. मीच कापून लावली होती.

आता सरकारचं बघू. गावातल्याच माणसाला शिकवून आरोग्याचं काम द्यावं ही कल्पना तशी जुनी. स्वातंत्र्याआधी राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीने हजार लोकांमागे एक आरोग्य कार्यकर्ता मागितला होता. तिचे अध्यक्ष साहेबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिनचे संचालक. पण हालचाल झाली ती १९७७ ला, जनता सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमले तेव्हा. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५० रुपये. निवडले गेले बहुतेक पुरुष, आणि कोणाचे कोण ते आपल्याला सांगायला नको. योजना हळूहळू विझली. मग २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि त्यात आशा. या वेळी बाईच घ्यायची, गावातलीच घ्यायची, हे ठरलं. जामखेडचं आणि गडचिरोलीचं देणं त्यात आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. माझी बहीण आज बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ती त्याच कामातून आलेली रीत.

पण जामखेडची एक गोष्ट सरकारी गाडीत चढलीच नाही. आठवड्याची शाळा. आशाचं सुरुवातीचं प्रशिक्षण २३ दिवसांचं, पाच टप्प्यांत. पुढे वेगवेगळी मोड्यूलं. आणि महिन्याच्या बैठकीत काय होतं ते कोणत्याही आशाताईला विचारा: रजिस्टर, ॲप, टार्गेट, बिलं. माझ्या गावात हे पोर का मेलं, यावर अर्धा तास कोणी बोलतं का? बहीण म्हणते, पंधरा वर्षांत दोनदा बोललेलं आठवतं.

आणि वर चढायचा रस्ता? गटप्रवर्तक व्हायला पदवी लागते. नर्स व्हायचं तर पूर्ण वेळ कॉलेज. नर्स असलेल्यांना थोडी सोय झाली. इग्नूने १९९४ पासून नोकरीतल्या नर्सना बी.एस्सी. पर्यंत जायचा मार्ग दिला. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, तेव्हा सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स करून बी.ए.एम.एस. आणि नर्सिंगवाले समुदाय आरोग्य अधिकारी झाले. डॉक्टर किंवा अधिकारी असाल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत नोकरी करून हॉस्पिटल प्रशासनाचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. म्हणजे वरच्यांना शिड्या आहेत. खालच्या पायरीवरच्या बाईला जाहिरात आहे.

गंमत बघा. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांना पुरस्कार दिला. त्याचं नाव 'ग्लोबल हेल्थ लीडर्स'. त्यानंतर दीड वर्षाने महाराष्ट्रातल्या याच ग्लोबल लीडर मानधनासाठी संपावर होत्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर उघड्यावर झोपल्या. बहीण दोन रात्री तिथे होती. मार्चमध्ये पाच हजारांची वाढ मिळाली.

जामखेडचं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. त्या बायांना सरकारी पगार नव्हता, पेन्शन नव्हती, आणि दुसऱ्या जिल्ह्यात दाखवायला कागदही नव्हता. माझ्या बहिणीला कागद हवाय, यात चूक काय? कागदाशिवाय आपल्याकडे पंधरा वर्षं शून्य धरतात. पण त्यावरही उपाय लिहून ठेवलेला आहे. एप्रिल २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कामाच्या अनुभवाला क्रेडिट देता येईल असं स्पष्ट म्हटलंय. यूजीसीनेही वेगवान पदवीची मुभा दिली, पण ती कॉलेजात पूर्ण वेळ शिकणाऱ्या हुशार पोरांनी एक-दोन सत्रं आधी सुटावं म्हणून. पंधरा वर्षं आशा असलेल्या बाईचा अनुभव मोजा, गाळलेलं तेवढं शिकवा, आठवड्याला एक दिवस तालुक्यालाच वर्ग घ्या आणि तिला पदवी द्या. ग्रामीण रुग्णालयाचा हॉल दुपारनंतर रिकामाच असतो. आरोग्य विद्यापीठ नाशिकला, मुक्त विद्यापीठ नाशिकला. दोघांना एकमेकांकडे जायला रिक्षा पुरेल.

त्या जाहिरातीचं सांगायचं राहिलं. परदेशी युनिव्हर्सिटीशी संधान बांधून ॲपवाल्या कंपन्या देतात त्या पदव्यांना आमची मान्यता नाही, असं यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर केलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये आरोग्याशी संबंधित बरेच कोर्स दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने घ्यायलाही बंदी आली. ज्यांच्या घरात कोणी असे पैसे भरणार असेल, त्यांनी आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर मान्यतेची यादी बघावी. फुकट आहे, पाच मिनिटं लागतात. या युनिव्हर्सिटीचं नाव मला तिथे सापडलं नाही.

काल बहिणीला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं झालं, पैसे उचलले नव्हते." आणि लगेच, "दादा, ते जामखेडचं काय म्हणत होतास? आमच्या गटात बावीस जणी आहेत. महिन्यातून एकदा माझ्या घरी बसलो तर कोणाची परवानगी लागंल का?"

मला माहीत नव्हतं. विचारून सांगतो म्हणलं. सकाळी तिला एकविसाव्या दिवसाची भेट होती, ऊसतोडीच्या कोपीवर.