विहिरीपासून वीजबिलापर्यंत : हिशोब कोणी द्यायचा?

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. गेल्या वर्षी एका रविवारी वाचन आटोपल्यावर आम्ही सर्वांना आपापल्या घरचे विजेचे बिल घेऊन यायला सांगितले. तीसेक बिले जमली. ‘देय रक्कम’ आणि ‘शेवटची तारीख’ या दोन ओळींच्या पुढे बिल वाचलेला माणूस त्यात एकही निघाला नाही. त्या एकही नसलेल्यांत आम्हीही आलो.

मग एकेक ओळ मोठ्याने वाचली. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्याखाली वीज शुल्क १६ टक्के. मागे बसलेल्या एका आजीने विचारले, “हे सोळा टक्के जातेत कुठी बाप्पा?” सांगितले की हा राज्य सरकारचा कर आहे, वीज कंपनी तो फक्त गोळा करते. आजी म्हणाली, “म्हंजे मीबी टॅक्स भरतो.”

या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहोत. आपल्या वस्तीला वर्षानुवर्षे ऐकवले गेले आहे की तुम्ही फुकटचे खाता, टॅक्स आम्ही भरतो, सवलती तुम्ही घेता. दोन खोल्यांच्या घरात एक पंखा आणि दोन दिवे वापरणारी बाई दर महिन्याला राज्याच्या तिजोरीत पैसे टाकते, हे तिला कोणी सांगितले नाही. जो पैसे टाकतो त्याला हिशोब मागता येतो. आणि आपल्या चळवळीचा पहिला मोठा लढा याच मुद्द्यावर उभा होता, हे आपणच विसरलो आहोत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्याची भाषा नीट पाहा. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्यात दया नव्हती, पैसा कोणाचा हा मुद्दा होता. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळे खुले केल्याचा ठराव केला, पण कागदावरचे पाणी कोणाच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते ओंजळीत घेतले.

यानंतरचा भाग आपल्या भाषणांत फारसा येत नाही. सनातनी कोर्टात गेले तेव्हा त्यांचे म्हणणे काय होते? की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांचे खाजगी आहे. म्हणजे भांडण धर्माचे दिसत असले तरी कोर्टात ते मालकीचे झाले. चवदार तळे कोणाचे, नगरपालिकेचे की ठरावीक लोकांचे? १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. एका सत्याग्रहाला कायद्याचे शिक्कामोर्तब मिळायला दहा वर्षे लागली. बाबासाहेबांनी कोर्टाची पायरी एकदाही सोडली नाही. सार्वजनिक संपत्तीवरचा दावा घोषणा देऊन संपत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ सालीच प्रसिद्ध झाला होता. कर कोण गोळा करतो आणि खर्च कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न ते महाडला जाण्याआधीच अभ्यासून बसले होते.

आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो वऱ्हाडात, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. बोले ठराव इथे लागू नव्हता. पण वारे पोचले. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटला होता. पुढे अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. इथेही मुद्दा तोच होता, कौन्सिलच्या पैशाची विहीर सर्वांची. आणि मे १९२९ मध्ये बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात, पातुर्ड्याला आले. जिल्ह्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी पातुर्डा हे नाव विहिरीसोबतच येते.

आज पातुर्डा संग्रामपूर तालुक्यात आहे, आणि संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराने खचलेली घरे गावोगाव आहेत. ज्या पाण्यासाठी बापजाद्यांनी मार खाल्ला, तेच पाणी नातवांनी प्यायचे नाही. विहीर खुली झाली आणि आतले पाणी कामाचे राहिले नाही. आता पिण्याचे पाणी नळानेच यायला हवे. या दोन तालुक्यांसाठी वान धरणाच्या पाण्यावर १४० गावांची पाणीपुरवठा योजना आहे. म्हणजे विहिरीच्या जागी पाइप आला आणि पाइपाच्या मागे वीज आली, कारण पंप विजेवर चालतो. पाणी आणि वीज हे आता दोन प्रश्न राहिलेले नाहीत.

बाबासाहेबांनी तर ते कधीच वेगळे मानले नव्हते. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे ही कामे त्याच खात्यात होती, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकामे व विद्युतशक्ती यांच्या धोरण समितीसमोर अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी सरळ प्रश्न टाकले. वीज सरकारी मालकीची असावी की खाजगी? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही, आणि औद्योगिकीकरणाशिवाय या देशातील माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वस्त आणि मुबलक, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढच्या काळात केंद्रीय पातळीवर विजेसाठी आणि जलमार्ग-पाटबंधाऱ्यांसाठी तांत्रिक संस्था उभ्या राहिल्या, दामोदर खोऱ्याची योजना आकाराला आली. आपण जयंतीला त्यांचा कोट रंगवतो आणि वीजमंत्र्याला विसरतो, याची खंत वाटते.

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा उल्लेख आहे, आणि तिथेही शब्द आहेत पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेले. १९२३ चा ठराव, महाडचा दावा आणि हा अनुच्छेद यांचा धागा एकच आहे. पण अधिकार लिहून बाबासाहेब थांबले नाहीत. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षकाविषयी बोलताना, हा कदाचित संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी मांडले. न्यायाधीश नाही, पंतप्रधान नाही, हिशोब तपासणारा!

आता या मापाने आपल्या जिल्ह्याकडे पाहू. नांदुरा तालुक्यात पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाचे काम नव्वदच्या दशकापासून चालू आहे. सुरुवातीचा अंदाज काही शे कोटींचा होता, आता आकडा हजारो कोटींत गेला आहे. धरणात जाणाऱ्या गावांतल्या लोकांचे तारुण्य पुनर्वसनाची वाट पाहण्यात गेले. एवढी वर्षे, एवढा पैसा, आणि थकबाकीदार म्हणून कोणाचे नाव कुठल्या भिंतीवर लागले? सामान्य ग्राहकाचे एका बिलाचे पैसे राहिले की वायरमन शिडी घेऊन दारात उभा.

भारनियमनाचे दिवस तरुणांना आठवणार नाहीत. २००५ नंतरच्या काही वर्षांत खेड्यांत दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. गळती आणि वसुलीच्या प्रमाणात भागांचे गट पाडले होते, ज्या भागात गळती जास्त तिथे अंधार जास्त. आकडा टाकणाऱ्याची शिक्षा प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याला. हेच आजही नळयोजनेचे होते. पंपाचे वीजबिल थकले की पुरवठा तोडला जातो आणि पाणीपट्टी भरलेल्या बाईच्या हातात पुन्हा हंडा येतो. ग्रामपंचायत निधीकडे बोट दाखवते, निधी देणारे वसुलीकडे, वीज कंपनी थकबाकीकडे. बोटे सगळ्यांची सरळ आहेत, जबाबदार कोणी नाही.

इथे आपल्याही पदरातले बोलले पाहिजे. आकडे टाकणारे आपल्या वस्तीतही आहेत. नळाला टिल्लू पंप लावून पाणी ओढणारेही आहेत, आणि त्या ओढण्याने कोणाचा नळ कोरडा पडतो? पाइपाच्या शेवटच्या टोकाचा. गावाच्या शेवटच्या टोकाला कोण राहते हे आम्ही सांगायला नको. सवर्ण मोहल्ल्यातला टिल्लू पंप अन्याय आणि आपला तो नाइलाज, असे म्हणता येणार नाही. चोरी करणाऱ्याला हिशोब मागताना आवाज चढवता येत नाही, एवढे व्यवहारी कारणही पुरे आहे.

मात्र गरिबाचा प्रत्येक थकलेला पैसा म्हणजे चोरी नव्हे. बाबासाहेबांच्या नावाने १४ एप्रिल ते ६ डिसेंबर २०२१ या काळात अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना वीजजोडणी देणारी जीवन प्रकाश योजना राबवली गेली. अनामत रक्कम ५०० रुपये, तीही पाच हप्त्यांत. चांगली गोष्ट. पण अट होती की त्या जागेवर आधीची थकबाकी नसावी. ज्याच्या घरात अंधार आहे त्याच्याच नावावर बहुधा जुनी थकबाकी असते, मग योजना कोणासाठी?

कायदा आपल्या बाजूनेही काही बोलतो, तो वाचायला हवा. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दोन वर्षांपूर्वीची रक्कम बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर ती वसूल करता येत नाही. कलम ४२ ने तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल दिला आहे, विदर्भासाठी लोकपाल नागपूरला बसतो. दर वाढवण्याआधी वीज नियामक आयोगाला लोकांचे म्हणणे ऐकावे लागते, अशा जनसुनावण्या अमरावतीतही झाल्या आहेत. त्या सुनावण्यांत उद्योजक संघटना आकडेवारीची जाड फाइल घेऊन येतात. आपली फाइल कुठे आहे? जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारने जाहीर केले, ते लोकांचा विरोध वाढल्यामुळे. म्हणजे दबाव चालतो. फक्त तो मोर्चापुरता राहिला की दुसऱ्या नावाने तेच मीटर दारात येते.

त्या रविवारच्या बिलवाचनातून आम्ही एक वही केली. तीस घरांचे दर महिन्याचे युनिट, रक्कम, मीटरचे रीडिंग प्रत्यक्ष घेतले की सरासरीने टाकले, वीज किती तास गेली, नळ किती दिवसांनी आला. दहावीत शिकणाऱ्या दोन मुली ती लिहितात. पहिल्या दोन महिन्यांत लोक कंटाळले, तिसऱ्या महिन्यात स्वतःहून बिले आणून देऊ लागले.

यंदाच्या वर्षावासात एक पाऊल पुढे गेलो आहोत. गावच्या पाणीयोजनेच्या पंपाचे मागच्या तीन वर्षांचे वीजबिल, पाणीपट्टीची वसुली आणि वित्त आयोगाच्या निधीतून त्यावर झालेला खर्च, एवढी माहिती माहिती अधिकारात मागितली आहे. अर्जावर पाच सह्या आहेत, पहिली त्या आजीची. तीस दिवस पुढच्या शुक्रवारी पूर्ण होतात. उत्तर आले तर रविवारी वाचन संपल्यावर विहारात मोठ्याने वाचू. नाही आले तर पहिले अपील कुठे करायचे तो पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.