रंगाच्या जागी आलेली रेघ

संगणकावर आराखडा काढणारा ड्राफ्ट्समन भिंतीच्या आत एक क्लिक करतो आणि कापलेली सारी भिंत तिरक्या रेघांनी भरून जाते. ऑटोकॅडमध्ये या नमुन्याचे नाव ‘ॲन्सी 31’. कोन 45 अंश, दोन रेघांमधले अंतर 0.125, म्हणजे इंचात मोजले तर एक अष्टमांश. ज्या यंत्राला लाखो रंग दाखवता येतात, त्याने छेद दाखवायला रेघाच का माराव्यात? नेहमीचे उत्तर असे, की ही हाताने आखणाऱ्यांची सवय आणि संगणकाने ती जशीच्या तशी उचलली. हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण हाताने आखणाऱ्यांची जुनी सवय तर रंगाची होती. हॅच, म्हणजे रेघांची ही भरणी, रुजला तो नकला काढण्याच्या गरजेतून आणि संगणकावर टिकला तोही त्याच गरजेपोटी.

एकोणिसाव्या शतकातले युरोपातील यंत्रांचे आराखडे जलरंगाच्या पातळ हाताने रंगवलेले असत. बिडाला राखाडी, घडीव लोखंडाला प्रशियन निळा, पितळेला पिवळा, विटेला किरमिजी. रंग पाहून कारागिराला धातू कळे. जॉन हर्शेलने 1842 मध्ये सायनोटाइपची रीत शोधली आणि काही दशकांनी ती कारखान्यांच्या कचेऱ्यांत ब्लूप्रिंट म्हणून शिरली. ट्रेसिंगच्या कापडावर शाईने आखायचे, ते रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायचे आणि कागद धुवायचा, की निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटत. या छपाईत रेघ उतरते, रंग उतरत नाही. मग धातू ओळखायचा कशावरून? रेघांच्या नमुन्यावरून. ही युक्तीही नवी नव्हती. सिल्व्हेस्त्रो पेत्रा सांक्ता या जेझुइटाने 1638 मध्ये सरदारघराण्यांची मानचिन्हे काळ्या शाईत छापताना उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी असा संकेत वापरला होता. यावर कोणी म्हणेल, ड्युररसारखे खोदचित्रकार त्याच्याही आधीपासून रेघा मारत होते. मारत होते, पण त्या सावलीसाठी. तिथली रेघ गडद-फिके दाखवते, लाल की निळा हे सांगत नाही. शिवाय खोदचित्र हीसुद्धा नकला काढण्याचीच कला.

डिसेंबर 1982 मध्ये ऑटोकॅड बाजारात आले तेव्हा कागदावर रेघ उमटवत होता पेन प्लॉटर. तो खरोखरचे पेन धरून एकेक रेघ ओढी. एखादा भाग सपाट भरायचा म्हणजे पेन त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरणार आणि कागद शाईने भिजणार. त्यात आपल्याकडे ट्रेसिंगवर प्लॉट काढून पुढे अमोनिया प्रिंट मारण्याची पद्धत, म्हणजे रंग इथेही वाटेतच गळणार. हॅचच्या नमुन्यांत एकसंध भरणी दाखल झाली ती 1997 च्या रिलीज 14 मध्ये. खरा आक्षेप वेगळाच आहे. आज रंगीत छपाई आणि पीडीएफ सर्रास असताना हा युक्तिवाद शिळा झाला नाही का? पोलादाला ‘ॲन्सी 32’, पितळेला 33, ॲल्युमिनियमला 38 असे नमुने आहेत खरे, पण पुष्कळ जण सगळीकडे 31 च टाकतात आणि धातूचे नाव भागांच्या तक्त्यात लिहितात. मग हॅच सांगतो काय? सांगतो, की इथे छेद गेला आहे. शेजारच्या दोन भागांच्या रेघा उलट दिशांनी जातात, त्यावरून भाग वेगळे कळतात. लांबीच्या छेदात दांडा आणि बोल्ट कोरे ठेवतात. करडी छटा झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये काळवंडते किंवा उडते, रेघेची दिशा मात्र टिकते आणि साइटवर मिस्त्रीच्या हाती पडणारा कागद बरेचदा तसलाच असतो.

एका ठिकाणी मात्र माझा मुद्दा पोचत नाही. हाताने रेघा मारणाऱ्याला कोपऱ्यात दोन रेघा जुळल्या नसल्या तरी अडत नसे, डोळा ती फट मिटवून घेई. यंत्राला आत कुठे आणि बाहेर कुठे हे स्वतः ठरवता येत नव्हते. 1992 च्या रिलीज 12 पर्यंत हद्दीची एकेक रेघ निवडून द्यावी लागे आणि टोके जुळली नाहीत तर हॅच बाहेर सांडे. त्यानंतर आत एक बिंदू दाखवला की हद्द यंत्र शोधू लागले, पण ती बंद हवी ही अट राहिलीच. आराखडा म्हणजे रेघांचा गठ्ठा नव्हे, बंद क्षेत्रांची मांडणी, ही शिस्त हॅचने लावली. आज त्याच हॅचवर टिचकी मारून चौरस मीटर वाचता येतात. नकलेशी या बदलाचा काही संबंध नाही, हे मान्य करायला हवे.

तरी नकलेची खूण पुसलेली नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत मंजुरीचे नकाशे कसे रंगवावेत याचा एक तक्ता आहे. त्यात पांढरा कागद, ब्लूप्रिंट आणि अमोनिया प्रिंट असे तीन वेगळे रकाने आहेत. अस्तित्वातल्या बांधकामाचा रंग छपाईगणिक बदलतो. पाडायच्या बांधकामाच्या ओळीत मात्र तिन्ही रकान्यांत एकच शब्दजोडी आहे: पिवळा हॅच.