कामाचं इंग्रजी आणि पेपरातलं इंग्रजी

पर्यटन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना नेमकं कोणतं इंग्रजी शिकवायचं? प्रश्न नव्या काळातला वाटतो, पण त्याच्या उत्तराची पद्धत १८०५ सालीच सापडली होती. फक्त ती आपल्यासाठी वापरली गेली नाही.

त्या वर्षी विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण बंगालमधल्या सेरामपूरला छापलं गेलं. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण साहेबांना मराठी शिकवायचे. पुस्तकात नुसते नियम नाहीत, रोजच्या विषयांवरचे संवादही जोडलेत. कारण उघड आहे. त्या पोरांना मराठीत काव्य करायचं नव्हतं, कारभार करायचा होता. आधी काम ठरलं, मग त्या कामापुरती भाषा.

आपल्या बाबतीत उलटं झालं. १८३५ मध्ये मेकॉलेचं टिपण आलं, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ. मुंबई इलाख्यात शाळा बऱ्याच मराठीत राहिल्या, पण विद्यापीठ इंग्रजीतच चाललं. ते इंग्रजी वाचायचं, पाठ करायचं, पेपरात उतरवायचं. त्यातून कायदा, वर्तमानपत्रं, सुधारणेचे विचार मिळाले, हे नाकारायचं कारण नाही. पण बोलून पोट भरणाऱ्याचं इंग्रजी या हिशोबात बसलंच नाही. ते लोकांनी लेण्यांवर, स्टेशनांवर, हॉटेलांत आपापलं कमावलं.

पुढे जगात या विषयाचं शास्त्रच झालं. जॉन मन्बी यांनी १९७८ च्या पुस्तकात भाषेची गरज तपासण्याचा आराखडा मांडला. त्यातला एक नमुना विद्यार्थी कोण, तर स्पेनमधला हेडवेटर! तो कोणाशी, कुठे, कशाबद्दल, कोणत्या सुरात बोलतो हे आधी लिहायचं, धडे नंतर. १९८७ मध्ये हचिन्सन आणि वॉटर्स यांनी सांगितलं की कामाला काय लागतं, विद्यार्थ्याला त्यातलं काय येत नाही आणि त्याला स्वतःला काय हवंय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही विचारा.

आपल्याकडे १९८३ मध्ये अजिंठा-वेरूळ जागतिक वारसा यादीत गेले. त्याच वर्षी केंद्राची पर्यटन शिक्षणाची संस्था, आयआयटीटीएम, सुरू झाली. विद्यापीठांतही पर्यटनाच्या पदव्या आल्या. इंग्रजीचा पेपर मात्र अनेक ठिकाणी जुनाच चिकटवला: निबंध, पत्रलेखन, रिकाम्या जागा. मी अशा वर्गांना बरीच वर्षं शिकवलंय. एका बैठकीत तोंडी परीक्षेला निम्मे गुण द्या म्हटलं. "एवढ्या पोरांची तोंडी घ्यायची कोणी?" या एका प्रश्नावर विषय संपला.

आता अजिंठ्याला चला. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून बसने पुढे जायचं असतं. हे पाहुण्याला समजावणं, हा पहिला धडा. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर अंधुक उजेडात बोलायचं, फ्लॅश मारू नका हे न दुखावता सांगायचं, हा दुसरा. समोरचा माणूस जपानचा, थायलंडचा, श्रीलंकेचा असू शकतो. इंग्रजी त्यालाही परकंच. जातककथा कदाचित त्यालाच जास्त ठाऊक. तिथे भारदस्त शब्द काय कामाचे? लागतात ती छोटी वाक्यं, मध्ये थांबणं आणि "तुमच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात?" असं विचारता येणं. निबंधाच्या पेपरात यातलं काय मोजणार?

सोयगाव-सिल्लोडकडचा मुलगा मराठीत हीच लेणी तासभर सुरेख समजावतो. त्याचं ज्ञान कमी नाही, अडतं वाक्यापाशी. पदवी हातात असूनही, घराजवळचं काम बाहेरून आलेला घेऊन जातो. खरं नुकसान हे आहे.

सध्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जातायत. अभ्यास मंडळांना विनंती एवढीच: सही करण्याआधी एक दिवस गाईडच्या मागे फिरा. त्याला कुठे कुठे बोलावं लागतं, कुठे शब्द सापडत नाहीत, ते टिपून घ्या. त्याच वहीतून धडे काढा आणि परीक्षा तोंडी घ्या.

साहेबांच्या पोरांसाठी जे १८०५ मध्ये जमलं, ते आपल्या पोरांसाठी आता तरी जमायला हवं. तुमच्या कॉलेजात काय परिस्थिती आहे, जरूर लिहा.