केसपेपरवरील मौन
कौटुंबिक हिंसेचा इतिहास प्रामुख्याने न्यायालयीन दस्तऐवजांतून वाचला जातो; रुग्णालयीन केसपेपर मात्र उपेक्षित राहतो. १९८३ मध्ये ४९८-अ हे कलम आले, तरी ‘पाय घसरून पडली’ ही नोंद प्रश्नाविना स्वीकारली जात असे. २०००-०१ मध्ये मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभारले. प्रशिक्षित परिचारिका जखम आणि कथन यांतील विसंगती हेरून स्त्रीला समुपदेशनासाठी तेथे पाठवू लागल्या. २००५ च्या कायद्याने पीडितेला उपचार देणे बंधनकारक केले. परंतु ‘सोसावे’ हा संस्कार परिचारिकेवरही झालेला असतो. म्हणूनच तिचे प्रशिक्षण हे आधी स्वतःच्या संस्कारांचे पुनर्वाचन ठरते. तिने न लिहिलेला शब्द पुढे पुराव्यातूनही गळतो.