ॲव्हलांच ट्रान्सीव्हर म्हणजे काय? मोबाईल त्याची जागा का घेऊ शकत नाही?

एप्रिल जवळ आला की आमच्या ग्रुपवर हिमालयातल्या ट्रेकचे प्लॅन सुरू होतात. यंदा एका मित्राने लिहिलं, "लोकेशन शेअरिंग चालू ठेवू, हिमस्खलन झालं तरी सापडू." दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. मनालीजवळच्या एका सराव शिबिरात माझा हा गैरसमज दूर झाला.

वसंतात बर्फ का घसरतो?

दिवसा उन्हाने बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. म्हणून पहाटे तो टणक लागतो. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, कणांमधली पकड सुटते आणि ओला, जड बर्फ खाली येतो. रात्री आभाळ ढगाळ असेल तर बर्फ नीट गोठतच नाही, मग सकाळही सुरक्षित नसते. सर्वात जास्त धोका ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथुलाकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ हिमस्खलनात ७ पर्यटकांचा जीव गेला. म्हणजे हा विषय फक्त गिर्यारोहकांचा नाही.

ट्रान्सीव्हर कसा काम करतो?

छातीवर पट्ट्याने बांधायचं हे छोटं यंत्र सतत ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवत असतं. कोणी गाडलं गेलं की बाकीचे आपलं यंत्र 'सर्च' मोडवर टाकतात. स्क्रीनवर बाण आणि अंतराचा आकडा दिसतो. आकडा सर्वात कमी होईल तिथे प्रोब, म्हणजे लांब घडीची काठी, खुपसायची आणि फावड्याने खणायचं. तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे हव्यात. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता खूप जास्त असते, नंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ निघून जाते.

मग मोबाईल का नाही?

- जीपीएस फक्त सिग्नल घेतं. आपलं लोकेशन दुसऱ्याला कळवायला नेटवर्क लागतं आणि तिथे ते बहुतेक वेळा नसतंच.
- जीपीएस साधारण १.५ गिगाहर्ट्झवर, ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. ओला बर्फ या लहरी शोषून घेतो. ४५७ किलोहर्ट्झच्या लहरी मात्र बर्फातून जवळजवळ तशाच पार होतात.
- उघड्यावरही जीपीएस काही मीटर चुकतं. बर्फात दोन मीटर चुकीच्या जागी खणणं म्हणजे वेळ हातची घालवणं.

ट्रान्सीव्हरचं काम करण्याचा दावा करणारी ॲप्स आली, तेव्हा २०१३ मध्ये कॅनडाच्या ॲव्हलांच सेंटरने त्यांवर विसंबू नका असा जाहीर इशारा दिला होता.

माझी चूक

सरावात बर्फात पुरलेली एक सॅक शोधायची होती. माझा फोन जॅकेटच्या छातीच्या खिशात, ट्रान्सीव्हरला चिकटून. बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मला ९ मिनिटं लागली. प्रशिक्षकाने फोन बंद करून दूर ठेवायला लावला आणि दुसऱ्या फेरीत मी ४ मिनिटांत पोहोचलो. फोन, स्मार्टवॉच, कॅमेरा यांचा इलेक्ट्रॉनिक 'आवाज' सिग्नलमध्ये मिसळतो. नियम सोपा आहे: यंत्र सिग्नल पाठवत असताना या वस्तू किमान २० सेंटीमीटर आणि शोधताना किमान ५० सेंटीमीटर लांब. फोन बंद असला तर उत्तम. मॅग्नेटवालं कव्हरही दूरच ठेवा.

फोन कशासाठी वापरायचा?

- निघण्यापूर्वी हवामान आणि चंदीगडच्या डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन बघायला.
- ऑफलाइन नकाशा आणि उताराचा कोन मोजायला. लेव्हल दाखवणारं साधं ॲपही चालतं.
- नेटवर्क असेल तर ११२ ला फोन करायला, पण जवळचा माणूस शोधायला सुरुवात केल्यावरच.

आणि हो, भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा कम्युनिकेटर नेऊ नका. त्यावरून अटक झालेली आहे.

शेवटचं

वरून बर्फाचे गोळे घरंगळत येत असतील, पाय घोट्याच्या वर रुतत असेल, तर उतार ओलांडू नका, मागे फिरा. पहाटे निघा, ऊन तापायच्या आत उतार पार करा. मित्राला मी हेच लिहिलं. त्याने ट्रान्सीव्हर भाड्याने कुठे मिळतो ते विचारलं. मी म्हणालो, आधी सराव कर, मग भाड्याचं बघू.