अनुदान कुणाचे? मालकाचे की कसणाऱ्याचे?

सरकार शेतकऱ्याला पैसे देते, तेव्हा शेतकरी म्हणजे नेमका कोण? या प्रश्नाचा एक जुना इतिहास अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या पॉइनसेट काउंटीत सापडतो. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग.

हा कापसाचा मुलूख. जमीन मळेवाल्यांची, कसणारे वाटेकरी. त्यांत काळेही होते, गोरेही. जमीन, जनावर, अवजारे मालकाची. राबणार वाटेकऱ्याचे कुटुंब, आणि पीक निम्मे निम्मे. वर्षभराचा किराणा उधारीवर, बहुधा मालकाच्याच दुकानातून. त्यामुळे हंगाम संपला तरी हातात फारसे काही उरत नसे.

1929 नंतरच्या मंदीत कापसाचा भाव कोसळला. रूझवेल्ट सरकारने मे 1933 मध्ये कृषी समायोजन कायदा केला. लागवड कमी करा म्हणजे भाव चढेल, आणि पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल सरकार पैसे देईल, अशी ती योजना. पहिल्याच वर्षी सुमारे 1 कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकण्यात आला.

1934 च्या करारातला हिशेब पाहा. पौंडामागे साडेचार सेंट मिळायचे. त्यातले साडेतीन जमिनीचे भाडे म्हणून थेट मालकाला. उरलेला एक सेंट दोघांत निम्मा निम्मा. म्हणजे मालकाला चार आणि वाटेकऱ्याला अर्धा. हा अर्धा सेंटही मालकाच्या हातून यायचा, आणि पुष्कळदा जुन्या उधारीत वळता व्हायचा.

शिवाय लागवड घटली म्हणजे माणसेही कमी लागणार. वाटेकरी काढून रोजंदार ठेवला, तर सगळेच अनुदान मालकाचे. कुळांची संख्या शक्यतो कमी करू नये, असे कलम करारात होते. त्या ‘शक्यतो’तून मळेवाले सुटले. तक्रार करायची ती काउंटीच्या समितीकडे, आणि समितीवर वजन मळेवाल्यांचेच.

फेअरव्ह्यू नावाच्या मळ्यावरून 23 कुटुंबांना काढण्यात आले. त्यानंतर जुलै 1934 मध्ये टायरोंझा गावाजवळच्या एका शाळेत 18 जण जमले, 11 गोरे आणि 7 काळे. संघटना एक करायची की दोन, यावर बोलणे झाले. वेगळे राहिलो तर मालक दोघांनाही मोडतील, हे ओळखून त्यांनी एकच काढली : सदर्न टेनंट फार्मर्स युनियन. त्या काळच्या दक्षिणेत ही साधी गोष्ट नव्हती. सभा उधळल्या गेल्या, लोकांना मारहाण झाली.

फेब्रुवारी 1935 मध्ये कृषी खात्यातल्या काही वकिलांनी त्या कलमाचा अर्थ लावला की, आहेत तीच कुळे ठेवली पाहिजेत. त्यांचे प्रमुख जेरोम फ्रँक यांना काही सहकाऱ्यांसह नोकरीवरून काढण्यात आले. पुढे वाटेकऱ्याचा हिस्सा वाढला, पैसे थेट त्याला देण्याची तरतूदही झाली. पण तोवर कितीतरी कुटुंबे जमिनीवरून उठली होती, आणि मळेवाले रोजंदारीकडे व ट्रॅक्टरकडे वळत होते.

आपल्याकडे 2019 पासून पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये मिळतात. तेही जमीन ज्याच्या नावावर आहे त्यालाच. बटईने, ठोक्याने कसणारा त्या यादीत नाही. कूळ लागेल या भीतीने मालक करार कागदावर आणत नाही, आणि कागद नाही म्हणून कसणारा सरकारला दिसत नाही. आपल्या समाजात भूमिहीन बटईदार थोडे नाहीत.

बटईला फिक्हमध्ये मुजारअत म्हणतात. इमाम अबू हनीफांना ती मान्य नव्हती; त्यांचेच शागिर्द अबू युसूफ आणि मुहंमद यांनी ती जायज ठरवली, मात्र दोघांचा वाटा आधी ठरलेला असावा, ही शर्त घातली. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असे सूरह बकराही सांगते. ठरलेला वाटा लिहून ठेवण्याचा रिवाज आपण आपल्या गावापासून सुरू करू शकतो. सरकारकडे मागायचे ते इतकेच : कसणाऱ्याची वेगळी नोंद व्हावी, मालकाच्या हक्काला धक्का न लावता, आणि मदत ठरवताना ती नोंद पाहिली जावी.