बाघच्या लेण्यातील एक शासनपत्र

इंदूरचा राजवाडा 1801 साली शिंद्यांच्या फौजेसह आलेल्या सर्जेराव घाटग्याने जाळला. तो पुन्हा उभा राहिला. 1984 च्या आगीत त्याची पुन्हा मोठी हानी झाली आणि कालांतराने तीही दुरुस्त करण्यात आली. माळव्यातील आम्हा मराठी कुटुंबांची स्मृती बहुधा या वाड्याच्या दरवाजापाशी, फार तर सुभेदार मल्हाररावांपाशी येऊन थांबते. त्याआधीच्या माळव्याशी आपले नाते कोणते, हा प्रश्न आम्हांला पडला तो बाघच्या बौद्ध लेण्यांत.

बाघ हे गाव धार जिल्ह्यात, इंदूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. शासकीय सेवेत असताना त्या बाजूला आमचे अनेक दौरे झाले, परंतु बाघिनी नदी ओलांडून डोंगरापर्यंत आम्ही कधी गेलो नाही. तो योग निवृत्तीनंतर आला.

येथील दुसऱ्या लेण्याला लोक 'पांडवांची गुंफा' म्हणतात. प्रशस्त स्तंभमंडप, त्याच्या कडेने भिक्षूंच्या खोल्या आणि अगदी आत, खडकातच कोरलेला स्तूप. स्तूपाच्या आधीच्या दालनात दोन्ही भिंतींवर बुद्धाच्या पुरुषभर उंचीहून मोठ्या मूर्ती आहेत व प्रत्येक बुद्धाच्या दोन्ही बाजूंना एकेक सेवक उभा आहे. अंधाराला डोळे सरावले की आधी खांदे दिसतात, मग झिजलेले चेहरे. भिक्षू गेल्यावर येथील लोकांनी या भव्य पुरुषांना पांडव मानले. नाव चुकले खरे, पण आदर राहिला.

डोंगराचा दगड मात्र दुबळा आहे. वालुकाश्माच्या थरांत पाणी झिरपते, छत खचते. म्हणूनच नऊ लेण्यांपैकी काही पार ढासळली आहेत. चौथ्या लेण्यातील, म्हणजे 'रंगमहाला'तील, भित्तिचित्रांच्या प्रतिकृती 1921 साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांनी केल्या. त्या कामात मराठी चित्रकारही होते. 1982 पासून मूळ चित्रे भिंतींवरून सोडवून तेथील संग्रहालयात हलवण्यात आली.

त्या काळी हा मुलूख ग्वाल्हेर संस्थानात होता आणि त्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते मो. ब. गर्दे. 1929 च्या सुमारास दुसऱ्या लेण्यातील दगडमाती उपसताना एक ताम्रपट हाती लागला. ज्या शिंद्यांच्या फौजेने आमचा राजवाडा जाळला, त्यांच्याच संस्थानाचे खाते सव्वाशे वर्षांनी परक्या धर्माच्या विहारातील माती उपसत होते, ही गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते.

ताम्रपट माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा आहे. महेश्वर म्हणजेच माहिष्मती, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. दत्तटकाने करविलेल्या 'कलयन' नामक विहारासाठी सुबंधूने एक गाव दिले. कशासाठी? बुद्धपूजेतील गंध, धूप, फुले यांसाठी. चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंच्या अन्न, वस्त्र, औषध आणि अंथरुणासाठी. आणि विहाराच्या मोडक्यातोडक्या भागाच्या दुरुस्तीसाठी.

आमची उमर सरकारी कागद वाचण्यात गेली. इमारत बांधण्यासाठी पैसा मंजूर होतो, तिच्या देखभालीचा रकाना रिकामा राहतो, हे आम्ही वारंवार पाहिले आणि अशा काही कागदांवर आमचीही सही आहे. म्हणून दुरुस्तीचा तो उल्लेख वाचून आम्ही ओशाळलो. याच सुबंधूच्या बडवाणी येथील ताम्रपटात एका ब्राह्मणाला भूमिदान आहे. त्यावर वर्ष 167 असे आहे. वा. वि. मिराशींनी मानलेल्या संवताप्रमाणे ते इ. स. 417 च्या आसपास येते, तर गुप्त संवत धरल्यास इ. स. 486. काळ कोणताही धरा, ब्राह्मण आणि भिक्षू दोघांचीही तरतूद एकाच राजाने केली होती.

पुढे त्याच महेश्वरी राहून अहिल्याबाईंनी काशीपासून वेरुळापर्यंत देवालयांचे जीर्णोद्धार केले. सुबंधूचे नाव त्यांच्या कानी गेले असण्याचा संभव नाही, तरी रीत तीच. माळव्याशी आपले नाते मल्हाररावांच्या स्वारीपासून मोजण्याऐवजी या रीतीपासून मोजावे, असे आम्हांला वाटते. येथे आपल्या आधी राहून गेलेल्यांचे जे उरले आहे, ते सांभाळणे हेही आपल्या वतनाचेच काम.

परतलो तेव्हा राजवाड्यावर दिवे लागले होते. दुरुस्त केलेल्या त्या भिंतींकडे आम्ही त्या संध्याकाळी जरा अधिक वेळ पाहत राहिलो.